बोळा मर्यादेबाहेर

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळ

कुत्रा परत मिळाला. अर्धाच.

सकाळी ग्रूमरकडे सोडला तेव्हा अंगावर इतके केस होते की त्याची पुढची बाजू कुठली हे तो चालायला लागल्यावरच कळायचं. म्हणूनच दादाने त्याचं नाव बोळा ठेवलं होतं. आता तो बोळा दिसत नाही, सोललेला दिसतो. केस फक्त डोक्यावर ठेवलेत, त्यामुळे डोकं एका कुत्र्याचं आणि धड दुसऱ्याचं वाटतं. वर पिवळी रिबन.

ग्रूमरचं म्हणणं असं की वरचे केस बरे होते, पण खाली गाठींचं पायपुसणं झालं होतं. कात्री शिरेना, म्हणून मशिनने सगळं उतरवलं. तुम्ही घरी विंचरत नाही का, असंही त्याने विचारलं. मी दर रविवारी विंचरते. बाहेरून तपासणी नेहमीच समाधानकारक होती. आतून तपासायचं असतं हे मला कुणी सांगितलेलं नाही. वहिनीने सांगितलं होतं, पण मेसेजमध्ये आणि खूप लाल बदामांच्या इमोजींमधे.

घरी आल्यापासून बोळा डायनिंग टेबलाखाली आहे. हाक मारली, आला नाही. बिस्किट दाखवलं, तर भिंतीकडे तोंड करून बसला. अधूनमधून थरथरतो.

ग्रूमरला फोन केला. तो रुसलाय मॅडम, म्हणाला, थोडे दिवस आरसा दाखवू नका. या घरात कुत्र्याच्या उंचीवर आरसा नाही. तरी ओव्हनच्या काचेवर टॉवेल टाकला. खबरदारी म्हणून. ग्रूमरचं ऐकून नव्हे.

१५ मार्च, रविवार

बोळा टेबलाखालीच. जेवण अर्धं.

दुपारी दादाचा फोन. बोळा मुळात दादाचा. त्याची बदली झाली तेव्हा दोनच महिने सांभाळ म्हणून इथे ठेवून गेला, त्याला आता दीड वर्ष होईल. वहिनीला सातवा महिना चालू आहे, त्यामुळे कुत्रा परत तिकडे जाणं शक्य नाही. पण वहिनीच्या आईचा बंगला आहे, भोवती अंगण आहे, माळी आहे, शिवाय दोन कुत्रे आधीच आहेत. दादा पुढच्या रविवारी येणार. बोळा इथे मजेत असला तर राहू दे, नसला तर गाडीत घालून थेट बंगल्यावर, असं दोघांनी ठरवलंय.

मी म्हणाले, मला काही फरक पडत नाही. तो म्हणाला, माहितीये. हे म्हणताना हसला की काय, ते लाइन खराब असल्यामुळे सांगता येत नाही.

मी बोळ्यात गुंतलेली नाही. त्याचं अन्न, लस, फिरणं बघते, एवढंच. मुद्दा वेगळा आहे. एका ग्रूमरच्या मशिनमुळे माझ्या घराविषयी कुणी चुकीचा निष्कर्ष काढू नये.

संकल्प: रविवारपर्यंत बोळा मूळ स्थितीत. केस सोडून.

आईलाही फोन केला. ती म्हणाली, जवळ घेऊन बस त्याला. आईकडे कुठल्याही प्रश्नाला हे एकच उत्तर असतं. मला बारावीत मार्क कमी पडले तेव्हाही ती नुसती जवळ घेऊन बसली होती. मार्क वाढले नाहीत.

१६ मार्च, सोमवार

ऑफिसात बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की हा माझाच विषय आहे. मी पंपांच्या टेस्टिंगला असते. पंप चालू करायचा, किती थरथरतो ते मोजायचं. मर्यादेच्या आत असला तर पास, नसला तर परत. माझ्या सहीने बाहेर पडलेला एकही पंप अजून परत आलेला नाही. एक कुत्रा म्हणजे असं काय मोठं.

साहेबांकडून थरथर मोजून नोंदवणारा एक लॉगर घरी न्यायला मागितला. घरी एक जुनं युनिट आहे, थरथरतंय, असं सांगितलं. यात खोटं काही नाही.

लॉगर काडेपेटीएवढा आहे. फार गुणी वस्तू. टेस्टिंग शेडमध्ये इतका गोंगाट असतो की भोंगा वाजला तरी कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून थरथर मर्यादेबाहेर गेली की लॉगर स्वतःच गुरगुरतो आणि पंपाजवळ हात असलेल्या माणसाला ते हाताला कळतं. सेटिंग्ज होती तशीच ठेवली. चालत्या वस्तूत उगाच बोटं घालू नयेत. प्लास्टिक गार लागेल म्हणून माझ्या जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून बोळ्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधला.

आणखी एक. टेस्ट चालू असताना पंपाला हात लावायचा नाही, हे मी नवीन येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. हात लागला की रीडिंग बिघडतं. तेव्हा आजपासून बोळ्याला कुरवाळणं, थोपटणं, मानेखाली खाजवणं बंद. आईला सांगितलेलं नाही.

लॉगर चालू केल्यावर बोळा ताडकन उभा राहिला, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि बेडरूममध्ये पळून पलंगाखाली गेला. म्हणजे टेबल सोडलं. प्रगती आहे.

१७ मार्च, मंगळवार

ऑफिसातून आल्या आल्या फोनवर आलेख पाहिला. दिवसभर नुसते सुळके. मला वाटलं होतं त्यापेक्षा धक्का खोल आहे. ग्रूमरविषयी मत आणखी खाली गेलं.

संध्याकाळी लॉगरची बॅटरी उतरली. चार्जिंगला लावला. त्याच सुमारास वहिनीने पाठवलेलं, घाबरलेल्या कुत्र्यांसाठी म्हणून बनवलेलं पियानोवादन लावलं. थोड्या वेळाने बोळा आपणहून बाहेर आला, वाडगं चाटून साफ केलं आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला.

उपाय सापडला. पियानो.

पाऊल हलवलं नाही. पायाला मुंग्या आल्या, पण हलवणं हा हस्तक्षेप झाला असता. स्पर्श त्याने केलेला आहे, मी नाही. नियम मोडलेला नाही. लॉगर चार्जिंगला असल्यामुळे या सुधारणेची नोंद मात्र आली नाही. चुटपुट लागली.

१८ मार्च, बुधवार

सकाळपासून पियानो. घरून काम घेतलं. लॉगर पट्ट्यावर, बोळा पलंगाखाली, थरथर चालू. वादक बदलून पाहिला. मग बासरी, मग नुसता झऱ्याचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, योगाचे क्लास सुरू केलेस का, फी किती.

संध्याकाळी बॅटरी पुन्हा संपली. पंपावर हीच बॅटरी आठवडाभर जाते. जुनी झाली असणार. आमच्याकडे वस्तू वेळेवर बदलत नाहीत. चार्जिंगला लावून वैतागून खिडकीचा पडदा ओढला, तर बोळा बाहेर. जेवला. माझा मोजा तोंडात घेऊन घरभर फिरवला. मग पावलावर झोपला.

म्हणजे पियानो नव्हे, उजेड. सोलल्यामुळे त्याला उजेड जास्त टोचत असणार. त्वचेला. तर्क पक्का आहे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला सगळे शंकासुर म्हणतात. त्याला फोनवर थोडक्यात सांगितलं, कुत्र्याचं नाव न घेता. त्याने विचारलं, मर्यादा कुठली लावलीस, मोठ्या पंपाची की छोट्या? त्याने विचारेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मोठ्या पंपाची लागली होती. कुत्र्यासाठी ती फारच ढोबळ आहे. बारीक थरथर सुटत असणार.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी निघताना मर्यादा अगदी खाली आणली. आता काही सुटणार नाही.

परिणाम भयंकर. आलेखात सुळके वेगळे ओळखूच येत नाहीत, सलग भिंत झाली आहे. संध्याकाळी आले तेव्हा बोळा चपलांच्या रॅकमागे डोकं खुपसून उभा होता. शेपूट बाहेर. पडदे सगळे बंद, घर तळघरासारखं, तरी हे. म्हणजे आजार वाढतोय. वेळेवर मर्यादा खाली आणली म्हणून निदान कळलं तरी.

ग्रूमरला आलेख पाठवला. सोबत सविस्तर तक्रार, अक्षांच्या खुलाशासह. त्याने अंगठा पाठवला. थोड्या वेळाने, पुढच्या वेळी नखं फ्रीमध्ये कापून देतो, असा मेसेज.

जेवणाच्या सुट्टीत शंकासुराला कुत्र्याचं सांगावंच लागलं. त्याला शंका, लॉगरचाच त्रास होत असेल का. मी तिथल्या तिथे तसाच दुसरा लॉगर वजनकाट्यावर ठेवून दाखवला. एका उकडलेल्या अंड्याहून हलका. काही लोकांना आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही.

लॉगर चार्जिंगला. बोळा रॅकमागून आला, पण आज पावलावर झोपला नाही. हातभर अंतर ठेवून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मीही बघितलं. काही निष्पन्न झालं नाही.

रात्री बिस्किटं खाल्ली. स्वयंपाकाचा कंटाळा आला होता, एवढंच कारण.

२० मार्च, शुक्रवार

हाफ डे टाकला. कारणाच्या जागी घरगुती असं लिहिलं. साहेबांनी कुणाचं लग्न ठरलं का म्हणून विचारलं.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत बोळा मागच्या सीटवर पिसासारखा थरथरत होता. आत गेल्यावर कंपाउंडरने वजन करायला पट्टा, मोजा, लॉगर सगळं काढून खिळ्याला अडकवलं. आणि डॉक्टरांसमोर हा कुत्रा टेबलावर चारही पाय पसरून उभा, शेपटीने औषधांचा ट्रे पाडला, डॉक्टरांचा कान चाटला. मला खोटं पाडायला कुठल्याही पेशंटने इतकी मेहनत घेतली नसेल.

हृदय चांगलं, त्वचा चांगली, कान स्वच्छ, असं डॉक्टर म्हणाले. मी आलेख दाखवायला लॅपटॉप उघडला. आलेखाकडे जरा वेळ आणि माझ्याकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, तुम्हाला झोप लागते का नीट? प्रश्न विषयाला सोडून होता.

निरीक्षण मात्र महत्त्वाचं मिळालं. टेबलावर हिरवी रबरी चटई होती. बोळा तिच्यावर शांत होता. येताना तशीच विकत घेतली. पार्किंगमध्ये पट्टा बांधला, लॉगर चालू केला, चटई अंथरून त्याला वर उभं केलं. त्याने चटईसकट उडी घेतली आणि तो एका स्कूटरखाली जाऊन अडकला. वॉचमनने ओढून काढला.

हिरव्याची छटा चुकली असावी.

२१ मार्च, शनिवार

उद्या दादा.

एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम तूर्त बाजूला ठेवला. पियानो, पडदे, चटई, दादाचा जुना टी-शर्ट, ओव्हनवरचा टॉवेल, सगळं एकदम. लॉगर पूर्ण चार्ज करून सकाळीच लावला. बोळा पलंगाखाली, सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, जिथे झाडूही पोचत नाही.

वहिनीचा मेसेज आला. तिच्या आईने बोळ्यासाठी टोपली घेतली आहे, फोटो पाठवला. मोठी आहे, आत गादी, गादीला झालर. टोपली चांगली आहे. फोटो डिलीट केला, कारण फोन भरत आला होता.

मग जमिनीवर पालथी पडून पलंगाखाली तोंड घातलं आणि बोळ्याला परिस्थिती समजावून सांगितली. बंगल्यावर दोन कुत्रे आहेत, दोन्ही तुझ्याहून मोठे. माळ्याकडे पाण्याचा पाइप आहे. पावलावर हनुवटी टेकायला तिथे रिकामं पाऊल मिळेल याची खात्री नाही. तेव्हा उद्या एक दिवस जरा बरा वाग. तो भिंतीकडे बघत होता. हात आत जात होता, अगदी त्याच्या मानेपर्यंत पोचला असता. पण टेस्ट चालू होती.

उद्या दादाला आलेख दाखवायचा आहे. उतार दिसत नाही. स्केल मोठं केलं की थरथर छोटी दिसते. ही फसवणूक नाही, मांडणी आहे.

२२ मार्च, रविवार

घडलं त्या क्रमाने लिहिते.

दादा आला. दारात हाक मारली, बोळा आला नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खुर्ची दिली, लॅपटॉप उघडला आणि शनिवारपासूनचा वृत्तांत सुरू केला. पियानोपर्यंत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. तो बेडरूममध्ये जमिनीवर आडवा पडून पलंगाखाली हात घालत होता.

मी सांगितलं, हात लावू नकोस, रीडिंग बिघडेल. त्याने बोळ्याला पुढच्या पायांनी ओढून बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, मानेवर हात ठेवला आणि एकदम थांबला.

"हा गुरगुरत नाहीये," तो म्हणाला. "हे गुरगुरतंय."

मोजा सोडला. लॉगर त्याच्या तळहातावर ठेवल्यावर गप्प झाला. पट्ट्याला लावला, गुरगुरला. मी शेजारी उभी होते. आकृती काढायची गरज नव्हती. शनिवारी बोळा थोडा थरथरत होता, ते खरं. सोमवारी त्याच्या गळ्यात मी अशी वस्तू बांधली जी थरथरलं की गुरगुरते. ती गुरगुरली की तो दचकणार, दचकला की थरथरणार, थरथरला की ती पुन्हा गुरगुरणार. गुरुवारी मर्यादा खाली आणल्यावर तर श्वास घेणंही गुन्हा झाला असणार. बॅटरी रोज का उतरत होती तेही कळलं. आणि रोज संध्याकाळी ती उतरली की तो कुत्रा व्हायचा, आणि मी पडद्याचे आभार मानायची.

पियानो, पडदा, चटई, सगळे निर्दोष. ग्रूमरही, जवळजवळ.

दादाने विचारलं, आठवडाभरात एकदाही मानेला हात लावला नाहीस? लावला असतास तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी पंपाचा नियम सांगितला. लहानपणापासून तो मला फूटपट्टी म्हणतो, हल्ली बरेच दिवसांत म्हणाला नव्हता.

"फूटपट्टे," तो म्हणाला, "तो पंप नाही."

बोळ्याने तोवर घराला तीन चकरा मारल्या होत्या. उशी फाडली. हिरव्या चटईवर मुतला. मग जाऊन दादाच्या बुटावर हनुवटी टेकून बसला. दादाच्या. दादा उठला आणि खुंटीवरची साखळी काढली. हे धर जरा, म्हणून लॉगर माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, ने त्याला, अंगण आहे, बरं आहे. त्याची औषधं वरच्या खणात आहेत. मला काही फरक पडत नाही.

लॉगर गुरगुरायला लागला.

मर्यादा फार खाली आहे, असं मी सांगितलं. दादाने तो माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या हातात धरला. गप्प. टेबलावर ठेवला. गप्प. परत माझ्या हातात दिला. गुरगुर. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा दिला. पद्धत बरोबर होती, मीही अशीच तपासणी केली असती. बोळा कान टवकारून माझ्या हाताकडे बघत होता आणि पलंगाकडे सरकत होता.

"नेत नाही गं," दादा म्हणाला. "बंद कर ते."

त्याने साखळी खुंटीला परत अडकवली आणि अटी सांगितल्या. एक महिना बघणार. केस मुळापासून विंचरायचे, वहिनी व्हिडिओवर बघेल. कुत्र्याच्या अंगाला कुठलंही यंत्र लावायचं नाही. महिन्यानंतर येऊन ठरवणार. म्हणजे पास कोण आणि परत कोण, हे आता दादा ठरवणार, आणि टेस्टला मी लागले आहे.

टोपली कुरिअरने इकडे येते आहे. झालरीसकट.

२३ मार्च, सोमवार

लॉगर परत केला. साहेबांनी युनिटचं काय झालं विचारलं. चालू आहे, मी म्हणाले.

शंकासुराला सांगितलं की लॉगर तपासून घे, स्थिर हातातही गुरगुरतो. त्याने बराच वेळ मुठीत धरला. काही नाही. मग म्हणाला, तू धर बघू. मला काम होतं.

संध्याकाळी बोळ्याला विंचरलं. विंचरण्यासारखं अजून काही उगवलेलं नाही, पण सवय असावी. लॉगर गेला तरी फोन थरथरला की तो टेबलाखाली पळतो. म्हणून फोन पूर्ण सायलेंट ठेवला आहे. त्यात आईचे सगळे फोन हुकले. शेवटी मीच लावला. काय करतेस, म्हणून विचारलं तिने. बोळ्याला जवळ घेऊन बसलेय, असं तोंडातून गेलं.

आईने विचारलं, बरं वाटतंय का त्याला आता?

मोजलेलं नाही, मी म्हणाले.

आणि तुला, असं तिने विचारलं, तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. या घरात बॅटऱ्यांचं काही खरं नाही.